सवाष्णीच्या हातची पोत

"आज किती तुटल्या?" व्यंकटसाहेबांनी दारातूनच विचारलं आणि आम्हा बायकांचे हात जिथल्या तिथे थांबले.

माझ्या थोरल्या जाऊबाई, गोदाक्का, यांनी पदराचं टोक ओठांना लावलं. साहेबांना वाटलं, आम्हाला ऐकूच गेलं नाही. ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "पोत, पोत! मंगळसूत्राची पोत! वजन लावल्यावर किती तुटल्या?"

"अहो साहेब, तिन्हीसांजेला काय बोलताय हे," तारा म्हणाली. आमच्यात तीच धीट. "सात वाढल्या, असं म्हणा."

"सात वाढल्या?" साहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा!"

ते तसेच ऑफिसात गेले आणि कोईमतूरला फोन लावून मोठमोठ्यानं बोलले. त्यांची तमिळ आम्हाला कळत नव्हती, पण आनंद कुठल्याही भाषेत कळतो.

आठवड्यानं मेळ बसेना तेव्हा घोटाळा उघडकीला आला. कोईमतूरवाल्यांना वाटत होतं, वारणेकाठच्या या बायका रोज जास्तीच्या पोती ओवतात. पाठवलेल्या खोक्यांत मात्र रोज कमीच निघायच्या. साहेब डोक्याला हात लावून आमच्यासमोर जमिनीवरच बसले.

गोदाक्कांनी त्यांना पोराला समजवावं तसं समजावलं. "साहेब, बांगडी फुटत न्हाई, वाढते. दिवा विझवत न्हाईत, वाढवतात. दुकान बंद करत न्हाईत, तेबी वाढवतात. मग सवाष्णीची पोत तुटंल कशी? ती वाढते."

"आणि नारळ?"

"त्योबी वाढवायचा."

"मग तुमच्याकडे तुटते काय?"

"कंबर, साहेब," तारा म्हणाली. "तुमच्या त्या खुर्च्यांवर बसून."

साहेब खूप हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "आमच्याकडे पण तालीबद्दल, म्हणजे मंगळसूत्राबद्दल, तो शब्द बोलत नाही. मला माहीत असायला पाहिजे होतं." त्या दिवसापासून ते 'वाढली' हा शब्द फार जपून वापरायचे. देवळात शिरताना माणूस चप्पल काढतो, तसं त्यांचं व्हायचं. बोलता बोलता थांबायचे, मनात जुळवायचे आणि मग म्हणायचे, "आज... तीन वाढल्या."

खुर्च्यांचं तारा म्हणाली ते खरंच होतं. आम्ही पटवेकऱ्यांच्या घरातल्या बायका. दागिने रेशमात ओवून गाठवायचं हे आमचं पिढीजात काम, आणि ते जमिनीवर बसूनच होतं. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, दुसरं हातात. अंगठा थोडा पुढे गेला की दोरा ताणतो, मागे आला की सैलावतो. कंपनीनं सुरुवातीला टेबलं दिली होती, अंगठ्याऐवजी लोखंडी आकडे दिले होते. आकड्याला काय कळतं? पोती सैल व्हायला लागल्या तशी साहेबांनी टेबलं बाहेर काढली, चटया आणल्या. पोतीला पाय लागतो म्हणून आम्ही ती संपली की कपाळाला लावायचो. तेही त्यांनी कधी घाई करून थांबवलं नाही.

कंपनी आमच्या गावात आली ती एका गाठीसाठी. कोईमतूरला त्यांचा मोठा कारखाना होता, मशीनवर काळे मणी ओवले जायचे. पण ती पोत महिना दोन महिन्यांत सुटायची. चांगले हात मिळेनात म्हणून शेठनी हात असतील तिथे कारखाना न्यायचं ठरवलं. साहेब गावोगाव फिरत आमच्याकडे पोचले. आमच्या गावची गाठ त्यांनी ओढून बघितली, दातांनी चावून बघितली, आणि महिन्याभरात जुन्या गिरणीची जागा भाड्यानं घेतली.

ती गाठ इठामावशीची. मला तिनंच शिकवली. मण्यांच्या पोटातून रेशीम दोनदा फिरवून, पीळ न मोडता, अशी आत ओढून घ्यायची की बाहेरून दिसतच नाही. एकदा बसली की ओवणाऱ्या बाईलाही ती सोडवता येत नाही. मावशीनंतर ती नेमकी जमायची मला. बाकीच्यांची व्हायची, पण कधी कधी.

पहिल्या दिवशी मावशीही आली होती, डोक्यावरून पदर घेऊन. ती विधवा. गोदाक्का दारातच उभ्या राहिल्या.

"इठा, तू कुठं आत? लेकी-सुनांच्या गळ्यात पडणारी पोत हाय ही."

साहेबांनी विचारलं, काय झालं. गोदाक्कांनी सांगितलं. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी ते शेठना कळवलं असणार, कारण पुढच्या खेपेला कोईमतूरहून डबे आले त्यांवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'सवाष्णीच्या हातची पोत.' आणि पोत चौपट खपायला लागली.

इठामावशीला त्यांनी रिकामं पाठवलं नाही. मागच्या अंगाला एक खोली होती. तयार पोतींतल्या काही तिथे आकड्याला टांगून, खाली पितळी वजनं अडकवून बघायच्या; टिकतात का. ते काम आमच्यातली एकही बाई करायला तयार नव्हती. काळी पोत ताणून ताणून वाढवायची, हे सवाष्णीनं करायचं काम आहे का? ते मावशीला दिलं. ती दिवसभर एकटी त्या खोलीत. मधूनच टप् असा आवाज यायचा, मणी फरशीवर उड्या मारायचे, आणि बाहेर आम्ही सगळ्या नकळत आपापल्या गळ्याला हात लावायचो.

मी तर जास्तच.

आमचे हे गुजरातेत ट्रकवर होते. भांडून गेले नव्हते. इथे काम नव्हतं म्हणून गेले. जायच्या आदल्या दिवशी मी एकाच लडीतलं रेशीम घेऊन दोन वस्तू केल्या. माझ्या वाट्यांना नवी पोत, आणि यांच्या दंडाला ताईत. दोन्हींना तीच गाठ. हे हसून म्हणाले होते, "आता बेडीच घातलीस की." पहिल्यांदा निरोप यायचे, मग कमी झाले, मग बंद. वर्षं गेली. लोक बोलायचे ते माझ्यापर्यंत पोचायचं. माझा आवाज लहानपणापासून बारीक, दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू जायचा नाही. मी कुणाला काय उत्तर देणार? मी पहाटे उठून नदीवर जायची, औदुंबराला फेऱ्या घालायची, आणि त्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. महाराजांकडे मागणं एकच. गळ्यातली पोत बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, ही आहे तोवर ते आहेत.

ती कधी सैलसुद्धा झाली नाही.

माघात साहेबांनी आम्हाला गोळा केलं. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "एक आनंदाची गोष्ट आहे. आपण कारखाना वाढवायचं ठरवलंय."

आमच्या तोंडचं पाणी पळालं. मागे बसलेली एक बाई तर हुंदका देऊन रडायलाच लागली.

"का? काय झालं?" साहेब घाबरले.

"साहेब," गोदाक्का म्हणाल्या, "आमचं काय चुकलं ते तरी सांगा. एकदम वाढवताय कशापायी?"

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "नाही नाही! मोठा! मोठा करतोय!" दोन्ही हात पसरून त्यांनी दाखवलं. आम्ही डोळे पुसत हसलो. मग त्यांनी सांगितलं, आमच्याकडे नवी शेड होणार, आणि पलीकडच्या तालुक्यात आणखी दोन गावांत जागा बघितल्या आहेत, तिथेही हात चांगले आहेत, फक्त ही गाठ येत नाही. "सगुणाबाई जाऊन शिकवतील. आणि नव्या डब्यावर त्यांचा फोटो येणार. शेठ स्वतः उद्घाटनाला येतात. त्यांना सगुणाबाईंना बघायचं आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तारानं चिमटा काढला. "काय गं, आता डब्यावर बसणार तू? आमच्याशी बोलशील का मग?"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी नवं लुगडं झटकत होते. दारात एक माणूस उभा राहिला. अंगावर डिझेलचा वास, पायांत धूळ. मी ओळखलं नाही.

"वहिनी, मी महादू. शेजारच्या वाडीचा. गांधीधामला दादांच्या संगं होतो ट्रकवर." तो उंबऱ्याच्या अलीकडे येईना. "तुम्ही जरा बसा आधी."

मी बसले नाही. त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि ओंजळीत धरून माझ्यापुढे केली. त्यात ताईत होता.

"श्रावणात. ताप डोक्यात गेला. दवाखान्यात नेलं, पण... आम्ही होतो सगळे. अग्नी दिला, सगळं केलं. दादांनी पत्ता सांगितला होता, पण मला इकडची खेपच लागंना, वहिनी. कुणाच्या हाती पाठवावी अशी वस्तूबी न्हवती."

मी ताईत हातात घेतला. चांदी काळवंडली होती. रेशीम अंगाच्या घामानं कडक झालं होतं, आणि एका जागी सरळ कापलेलं होतं. गाठ होती तशीच होती.

"सोडवायला लई बघितली," महादू म्हणाला. "न्हाई सुटली. मग पातं लावलं."

मी त्या गाठीवरून अंगठा फिरवला. कुणी यांचा फोटो आणून दाखवला असता तर मी म्हटलं असतं, दुसरा कुणी असेल. पण माझी गाठ मला कळणार नाही का?

मागच्या दारानं गोदाक्का आल्या होत्या, उद्याच्या ओटीचे तांदूळ मागायला. कधी आल्या मला कळलं नाही. त्यांनी ताईत बघितला आणि स्वतःची मूठ तोंडात कोंबली.

"माझं लेकरू," त्या खाली बसत म्हणाल्या. "मी सासरी आले तवा रांगत होता. ह्या हातांनी वाढवलाय त्याला."

त्या किती वेळ डोलत होत्या, सांगता येत नाही. मग त्या उठल्या, आणि मी पाहिलं की उठलेली बाई वेगळी होती. त्यांनी पुढचं दार लावलं. महादूला म्हणाल्या, "हे कुणाला बोललास?"

"न्हाई अजून."

"मग बोलू नको. तुझ्या लेकरांची शपथ हाय तुला. दोन घोट पाणी पी आणि जा."

तो पाणी न पिताच गेला.

मी म्हटलं, "अक्का, चुलीवर पाणी ठेवते. आपल्याला आंघोळ करायला हवी."

"कशाची आंघोळ?"

"सुतक..."

"सगुणा, ऐक." त्यांनी माझे दोन्ही दंड धरले. "श्रावणात म्हणतोय त्यो. श्रावणापासनं आजपतूर तुझ्या हातच्या किती पोती बाहेर गेल्या? डब्यावर काय लिव्हलंय?"

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. या लग्नसराईत कुठल्या कुठल्या गावच्या मुलींच्या गळ्यात माझी पोत पडली असेल. अक्षता पडताना त्यांनी ती बोटांत धरली असेल.

"अक्का, त्या पोरींचं काही वाईट होईल का हो?"

"काही होत न्हाई. तुला ठावं नव्हतं. जे ठावं न्हाई त्याचा दोष न्हाई." त्या माझ्या अगदी तोंडाजवळ आल्या. "म्हणून सांगते. अजूनबी तुला काही ठावं न्हाई. कळलं?"

"पण मला कळलंय, अक्का."

"न्हाई कळलं!" त्या ओरडल्या आणि लगेच दाराकडे बघून आवाज खाली आणला. "उद्या शेठ येणार. तुला बघून पुढच्या जागा ठरणार. एकदा का बोभाटा झाला की डबे माघारी येतील, शेड राहील तशीच. तुझे मोठे दीर अंथरुणात पडल्यात, त्यांचं औषध कशावर चालतं? ताराच्या घरात कोण कमावतं? एवढ्या जणींच्या चुलीत पाणी ओतणार हायेस तू?"

"मला कुणाचं काही नको, अक्का. मला त्यांना पाणी द्यायचंय. ते गेले, एवढं मला म्हणू द्या. नाहीतर ते वाटेतच अडकून राहतील."

"देऊ की. शेठ माघारी जाऊ दे. दोघी गुपचूप नदीवर जाऊन सोडू पाणी. मी येते संगट."

"कधी?"

"होऊ दे की गं."

मग त्यांनी कोनाड्यातून करंडा काढला आणि माझ्या कपाळावरचं कुंकू, ते पुसलेलं नव्हतं तरी, पुन्हा लावलं. इतक्या घाईनं लावलं की ते नाकावर सांडलं. "चल, सकाळपासनं उपाशी हायेस. पान मांडते. वाढते तुला." घरात सुतक असताना त्यांनी मला वाढलं, आणि माझ्या आवाजात ‘नको’ म्हणायचंही बळ नव्हतं. मी जेवले.

पहाटे पाय आपोआप नदीकडे गेले. औदुंबरासमोर उभी राहिले आणि पहिलं पाऊलच उचलेना. कशासाठी फिरू? काय मागू? पारावर कुणीतरी बसलं होतं. इठामावशी घागर भरून दम खात होती.

"आज फेऱ्या न्हाईत?" ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "केव्हा?"

मी सांगितलं. तिनं हं एवढंच केलं.

"मावशी, लोकांना सांगावं वाटतंय. दुसरं काही नको. कुणीतरी ऐकावं की ते गेले."

"ऐकतील की. ऐकल्यावर माझ्या खोलीत येशील. जागा हाय. वजनं काय जड न्हाईत, सवय होते." ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. "गोदा काय म्हणते?"

"थांब म्हणतात."

"थांब म्हणते होय? माझ्या वेळेला न्हवती थांबली गं ती. तिरडी उठायच्या आत माझे हात भिंतीवर आपटले होते तिनं." घागर उचलायला मी हात दिला. ती म्हणाली, "तुझं नशीब वेगळं, बाई. तुला रांडाव व्हायचीबी चोरी."

नव्या शेडपुढे मांडव घातला होता. झेंडूची तोरणं, सनई, खुर्च्या. कोईमतूरचे शेठ आले. उंच, शांत माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे. आमच्याकडे बघून त्यांनी आधी हात जोडले. त्यांनी उंबऱ्यावर नारळ ठेवून एकच घाव घातला. व्यंकटसाहेब माईकवर म्हणाले, "शेठजींच्या हस्ते नारळ... वाढवला! आणि आजपासून आपला कारखाना..." ते थांबले, आमच्याकडे बघून डोळे मिचकावले, "मोठा झाला!" बायका खळखळून हसल्या.

मला पुढे नेलं. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, केसांत गजरा माळला. दर बोटासरशी मला वाटत होतं, आता कुणीतरी थांबेल. सगळ्यांना ठाऊक होतं. नाही, मला कुणी सांगितलं नव्हतं तसं. पण गावात दार लावून बोललेली गोष्ट किती वेळ आत राहते? तारानं माझी ओटी भरली तेव्हा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. तिनं कधी नव्हे ते एका शब्दानंही चेष्टा केली नाही.

"नाव घ्या!" मागून कुणीतरी म्हणालं. मग दोन-चार जणी म्हणाल्या, "सगुणाबाई, नाव घ्या, नाव घ्या!" शेठनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी त्यांना समजावलं असावं, की बायको उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते. शेठ कौतुकानं पुढे सरकून बसले. साहेबांनी माईक माझ्या तोंडासमोर धरला.

एरवी मी दोन ओळी म्हटल्याही असत्या. आम्हा बायकांना उखाणे पाठच असतात. पण यांचं नाव त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं आणि मला दिसलं, ते नाव आता वारलेल्या माणसाचं आहे, ते घ्यायचं तर हातात तीळ आणि पाणी घेऊन घ्यायचं; झेंडूच्या तोरणाखाली, शेठना कौतुक वाटावं म्हणून नाही.

मी म्हटलं, "माझी पोत वाढली."

माझा आवाज जन्मात पहिल्यांदा शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. त्या कर्ण्यातून तो परत येऊन माझ्याच कानांवर आदळला. मांडवात एकदम सगळं थांबलं. बायकांचे हात गळ्याकडे गेलेले मी पाहिले. तेव्हा मला वाटलं, झालं. ऐकलं सगळ्यांनी. आता कुणीतरी उठेल, मला धरेल, म्हणेल, सगुणा, चल घरी.

गोदाक्का उठल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जोरात टाळी वाजवली.

"वाढली! आपली पोत वाढली!" त्या म्हणाल्या. "एका गावाची होती, तीन गावांची झाली! अशीच वाढू दे गं बाई!"

एक टाळी, दोन टाळ्या, मग सगळा मांडव. तारा वाजवत होती. जिच्या तान्ह्यासाठी मी एकदा माझ्या चुलीवरचं दूध ओतून दिलं होतं ती शेजारीण वाजवत होती, आणि टाळ्या वाजवताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ज्या बायकांनी साहेबांना हा शब्द शिकवला, त्याच बायका.

फक्त व्यंकटसाहेब वाजवत नव्हते. माईक त्यांच्या हातात तसाच होता. त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली, मग गळ्यावर. त्यांचे ओठ हलले. मनातल्या मनात शब्द जुळवताना हलायचे तसे.

शेठ त्यांच्याकडे वाकून काहीतरी विचारत होते. बाई काय म्हणाली, हेच असणार. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत. बघत राहिले, की आता हे तरी सांगतील. ते बोलले, अगदी थोडं बोलले. शेठचा चेहरा फुलला, आणि तेही टाळ्या वाजवायला लागले.

साहेबांनी माईक खाली ठेवला. त्यानंतर ते आमच्या गावात कितीतरी वर्षं होते, पण तो शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. माझ्या चटईपुढून जाताना मान खाली घालून जायचे.

फोटोवाला पुढे आला. "मावशी, जरा पोत हातात धरा. अशी. आणि हसा थोडं." त्या डब्यावर मी अजून आहे. मध्ये एकदा सांगलीच्या पेठेत एका नव्या नवरीला दुकानदार म्हणत होता, "ही घ्या ताई, सवाष्णीच्या हातची आहे." मी शेजारीच उभी होते. दोघांनीही ओळखलं नाही. कुंकू होतंच कपाळावर. ते काढायचा दिवस गोदाक्कांनी शेवटपर्यंत ठरवला नाही, आणि त्या गेल्यावर विचारायलाही कुणी उरलं नाही. फेऱ्याही चालू आहेत. बंद केल्या तर लोक विचारतील, मागणं पुरं झालं का?

त्या दिवशी फोटो झाल्यावर पंगतीची गडबड सुरू झाली. मी सगळ्यांची नजर चुकवून मागच्या खोलीत गेले. इठामावशी तिथेच होती. तिला मांडवात कुणी बोलावलं नव्हतं. कर्ण्याचा आवाज मात्र तिथे येत होता.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

मी डोक्यावरून गळ्यातली पोत काढली आणि तिच्यापुढे धरली. "मावशी, एवढं करा. माझ्यानं कापवत नाही. त्यांची दुसऱ्यांनी कापली, तेवढं पुरे. तुम्ही लावा वजनाला. आपोआप वाढू दे."

मावशीनं माझ्याकडे बघितलं, मग वाट्या नीट कुरवाळून बाजूला सारल्या, पोत आकड्याला अडकवली. खाली एक पितळी वजन लावलं. पोत ताणली. मणी एकमेकांना घट्ट बिलगले. तिनं दुसरं लावलं. मग तिसरं. इतक्या वजनाला एकही पोत टिकल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी कान देऊन उभी होते, त्या टप् आवाजासाठी. चौथं लावलं तेव्हा वरचा आकडा करकरला.

पोत नुसती हळूहळू गोल फिरत होती.

मावशीनं फडताळात बघितलं. वजनं संपली होती. तिनं आपल्या दोन्ही हातांनी वजनांची साखळी धरून खाली जोर दिला, सगळ्या अंगाचा, आणि तिचे सुरकुतलेले दंड कापायला लागले. मग तिनं हात सोडले.

"कसली गाठ मारलीस गं बाई."

"तुम्हीच शिकवलीत."

तिनं एकेक करून वजनं उतरवली. पोत काढून पदरानं पुसली, आणि मी वाकले तेव्हा माझ्या डोक्यावरून गळ्यात घातली. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. बाहेर पत्रावळींचा आवाज येत होता, कुणीतरी पाणी पाणी म्हणत होतं, आणि त्या सगळ्याच्या वर गोदाक्कांची हाक ऐकू आली.

"सगुणा, ए सगुणा! कुठं गेलीस? ये लवकर. वाढलंय!"